बाथरूमले हवा पायजे

माझ्या सासूबाईंना बाथरूममध्ये चक्कर आली ती मंगळवारी, आणि शुक्रवारपर्यंत त्या चकरेला मीच जबाबदार आहे असं नातेवाइकांत ठरून गेलं होतं.

खरं कारण वाफ. बायजाबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, वय वर्षं बाहत्तर, डिसेंबरात ज्या पाण्याने आंघोळ करतात त्या पाण्यात आपण फक्त पत्ती टाकायची, चहा तयार. वर झरोक्याच्या काचपट्ट्या घट्ट मिटून घेतात. का, तर थंडी शिरते. मग अर्धा तास आत. बाहेर येतात तेव्हा आधी ढग येतो, मग त्या येतात. छताचे पोपडे सुटले आहेत, आरशाने तोंड दाखवणं कधीचंच सोडलं आहे, आणि कोपऱ्यात काळ्या बुरशीचा जो नकाशा पसरला आहे त्यात मला गोंदिया जिल्हा अगदी स्पष्ट ओळखू येतो.

रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी त्यांना नीट तपासलं. बीपी ठीक, शुगर ठीक, हृदय माझ्यापेक्षा बरं. मग त्यांनी विचारलं, "बाथरूममध्ये एक्झॉस्ट फॅन आहे?"

"नाही," मी म्हटलं.

"मग तो लावा," डॉक्टर म्हणाले आणि बेल वाजवून पुढच्या पेशंटला बोलावलं. मी औषध लिहून घ्यायला पर्समधून पेन काढलं होतं, ते परत ठेवलं.

माझा नवरा अंकुश जिल्हा परिषदेत आहे. सज्जन माणूस, पण विजेच्या बाबतीत काही उपयोगाचा नाही. रिमोटचे सेल बदलतानासुद्धा तो पायात रबरी चप्पल घालतो. त्याने लगेच नत्थूजींना फोन केला. नत्थूजी हे आमच्या हुडकेश्वर भागातले नामांकित इलेक्ट्रिशियन. त्यांना फोन केला की ते "उद्या येतो" म्हणतात. बुधवारी म्हणाले, गुरुवारी म्हणाले, शुक्रवारी तर फोन उचलताच, मी बोलायच्या आत म्हणाले.

त्याच शुक्रवारी माझ्या दिराचा, पंकजचा, भंडाऱ्याहून फोन आला.

"जयभीम वहिनी. मी रविवारी गाडी घेऊन येऊन राहिलो. आईले काही दिवस इकडेच ठेवतो. आमच्या बाथरूमले दोन-दोन खिडक्या आहेत."

"अरे, पण पंखा लावतोय आम्ही."

"कधी?"

"उद्या," मी म्हणाले, आणि माझ्या तोंडून नत्थूजी बोलले हे माझं मलाच कळलं.

"तुम्ही त सायन्सच्या मॅडम ना, वहिनी? मग इलेक्ट्रिशियनची वाट काहून पाहून राहिल्या?"

आता इथे एक गोष्ट कबूल करते. सासू काही दिवस दिराकडे जाते म्हटल्यावर काही घरांत पेढे वाटत असतील. आमच्या घरात तसं नाही. शाळेतून आले की स्टाफरूममध्ये काय काय घडलं ते मी बायजाबाईंना सांगते. मुख्याध्यापिकेचा एकेक गुन्हा त्यांना तारीखवार पाठ आहे. मी विसरले तर त्या आठवण देतात, "तिनं तुले गेल्या गणतंत्र दिनाले बी असंच म्हटलं होतं वं." असा श्रोता गेल्यावर मी कोणाशी बोलणार? अंकुशशी? तो ऐकता ऐकता झोपतो, आणि झोपेतही हुंकार देतो, हे जास्त अपमानकारक आहे. आणि बायजाबाईंनी बॅग काढली होती. पांढरी नऊवार घडी करून त्या बॅगेत ठेवत होत्या आणि माझ्याकडे पाहत नव्हत्या.

"आई, तुम्हाला जायचंय का?"

"जायाले कोणाले पायजे? पण तिथं मले गुदमरून येते वं. त्या बाथरूमले हवा पायजे."

एकोणीस वर्षं मी दहावीला विद्युतधारा शिकवते. ओहमचा नियम झोपेत सांगेन. बाथरूममध्ये बल्ब आहे, बल्बपर्यंत वीज आलेलीच आहे, तीच थोडी बाजूला वळवून पंख्याला द्यायची. यात इलेक्ट्रिशियनला काय विचारायचं? मी दप्तरातून खडूचा डबा बाहेर काढला आणि त्या जागी टेस्टर ठेवला.

पण सोसायटीला विचारावं लागतं. झरोक्याच्या काचपट्ट्या काढून तिथे पंखा बसवायचा म्हणजे इमारतीच्या बाह्य स्वरूपात बदल, आणि त्याला सेक्रेटरी मधुकरराव यांची लेखी परवानगी लागते. मधुकरराव रजिस्ट्री ऑफिसातून निवृत्त झाले आहेत, पण ऑफिस त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. मी शुक्रवारी संध्याकाळीच अर्ज घेऊन गेले. त्यांनी पेन्सिल घेऊन तो वाचला, 'झरोका' खोडून 'गवाक्ष' केलं आणि विचारलं, "पंखा किती नग?"

"एकच."

"तसं लिहा ना मग. एक नग. आन हा पंखा आत येणार का बाहेर जाणार?"

"पंखा तिथेच राहणार. हवा बाहेर जाणार."

"हवा कुठं जाणार?"

आमचं घर म्हणजे जोडबंगला आहे. पुढच्या भागात भिंत शेजारच्या हेडाऊंशी सामाईक, मागच्या बाजूला दोन्ही घरांच्या मधे तीन फुटांची उघडी जागा. त्या जागेत आमच्या बाथरूमचा झरोका आणि हेडाऊंच्या स्वयंपाकघराची खिडकी समोरासमोर आहेत. मी म्हटलं, हवा तिथे जाईल.

"म्हणजे तुमच्या हद्दीत दीड फूट. त्याच्यापुढं?"

"त्याच्यापुढं हवा काय मला विचारून जाणार आहे का, मधुकरराव?"

"तेच म्हणून राहिलो मी," मधुकरराव समाधानाने म्हणाले. "बाबनरावची सही आणा."

बाबनराव हेडाऊ मूळचे उमरेडचे, घरी पिढ्यान्‌पिढ्या हातमाग. पण त्यांनी स्वतः नोकरी केली ती कोराडीच्या वीज केंद्रात. तिथल्या बसेस कर्मचाऱ्यांना शहरात कधी सोडतील आणि कधी परत आणतील, याचं वेळापत्रक ते बत्तीस वर्षं लावत होते. पण सांगताना ते "आम्ही वीज तयार करत होतो" असं सांगतात. करंट आपल्याला चेहऱ्याने ओळखतो, असा त्यांचा एकूण आविर्भाव.

"सही करतो," ते म्हणाले, "पण तुमची वाफ आमच्या किचनात आली त अनुसया माह्याशी बोलन नाही. म्हणून काम मह्या देखरेखीत झालं पायजे. मी सुपरवायजर."

मी हो म्हटलं. सही मिळाली, मधुकररावांची परवानगीही मिळाली, पण त्या होचा मला पुढे दोन दिवस पश्चात्ताप झाला.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी आणि अंकुश पंखा आणायला गेलो. दुकानदाराने सगळं काढून दिलं, पंखा, वायर, टेप, आणि विचारलं, "मिस्त्री कोण आहे?"

"मी," मी म्हटलं.

त्याने अंकुशकडे पाहिलं. अंकुशने छताकडे पाहिलं. दुकानदाराने न मागता रबरी हातमोज्यांचा एक जोड पिशवीत टाकला.

दुपारी तीनला काम सुरू झालं. मी वर्गात नेहमी सांगते, पहिला नियम सुरक्षितता. म्हणून आधी वीज बंद. आमच्या पॅनलमध्ये आठ बटनं आहेत आणि कोणतं कशाचं हे कोणालाच माहीत नाही. मी पॅनलपाशी उभी, अंकुश बाथरूमच्या दारात बल्ब लावून उभा, बाबनराव मधे कमरेवर हात ठेवून. मी एकेक बटन खाली पाडत गेले.

"चालू आहे," अंकुश ओरडला. दुसरं पाडलं. "चालू आहे." पाचवं, सहावं, आठवं. फ्रिज गप्प झाला, टीव्ही गेला, बायजाबाईंच्या खोलीतला पंखा थांबला. "चालू आहे!" शेवटी मी मेन पाडलं. घरात अशी शांतता झाली की घड्याळाचा काटा ऐकू येऊ लागला.

"प्रीती," अंकुशचा आवाज बारीक आला होता, "चालूच आहे गं."

मी जाऊन पाहिलं. सगळ्या मेलेल्या घरात तो एक बल्ब ऐटीत पेटलेला होता. अंकुशने गुपचूप चपला घातल्या.

एवढ्यात समोरच्या खिडकीतून अनुसयाबाईंचा आवाज आला. "अहो! ऐकून राहिले का? किचनचा दिवा गेला!"

बाबनराव आमच्याच घरातून ओरडले, "लाइन गेली असन!"

"लाइन कशी जाईन? टीव्ही चालू आहे, हॉलचा पंखा फिरून राहिला. फक्त किचन गेलं!"

माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाथरूमचा बल्ब सोडला तर घरात तेवढाच होता. मी पॅनलपाशी पळाले, आठही बटनं वर केली आणि मेन वर केलं. "आला!" अनुसयाबाई ओरडल्या. खाली पाडलं. "गेला!" वर. "आला! कोण करून राहिलं हे?"

चार वेळा केलं. मग सगळं स्पष्ट झालं. घर बांधताना कोण्या मिस्त्रीने तारांची अदलाबदल केली होती. आमच्या बाथरूमचा दिवा हेडाऊंच्या पॅनलवर होता आणि त्यांच्या स्वयंपाकघराचा दिवा आमच्या. नऊ वर्षं आम्ही हेडाऊंच्या उजेडात आंघोळ करत होतो आणि अनुसयाबाई आमच्या उजेडात भाकरी भाजत होत्या. दोन्ही घरांत याहून जवळचा संबंध असू शकतो हे मला सुचत नाही.

अनुसयाबाई खिडकीच्या गजांना धरून उभ्या राहिल्या. त्यांना काहीतरी आठवत होतं.

"म्हणूनच!" त्या म्हणाल्या. "दर वर्षी तुम्ही चार दिवस बाहेरगावी गेल्या का माह्या किचनचा दिवा जाते. तुम्ही आल्या का येते. नऊ वर्षं झाले मी अंधारात स्वयंपाक करून राहिली, आन हे मले काय सांगतात? लो व्होल्टेज आहे!"

बाहेरगावी जाताना आम्ही मेन पाडून जातो. बत्तीस वर्षं वीज तयार केलेला माणूस आमच्या वॉशिंग मशीनच्या मागे काहीतरी शोधू लागला.

आता आमचं काम करायचं तर वीज हेडाऊंच्या घरून बंद करायला हवी. बाबनराव आपल्या पॅनलपाशी गेले. ते तिथून सांगणार, अनुसयाबाई खिडकीतून ओरडणार, अंकुश झरोक्याजवळ कान लावून ऐकणार आणि मला सांगणार.

"बंद केलं का विचार," मी म्हटलं.

"बंद केलं का?" अंकुश ओरडला.

"बंद केलं का म्हणतात!" अनुसयाबाई ओरडल्या.

"कोणतं?" आतून बाबनराव.

"कोणतं म्हणतात!"

मी टेस्टर लावला. तो लाल पेटला. "बंद नाही झालं."

"बंद नाही झालं!"

"मी सारं घर बंद करून उभा आहो!" बाबनराव रडकुंडीला आले. "फक्त ते एक राहिलं, त्याच्यावर मह्या मॅचचा टीव्ही आहे."

त्या एकावरच बाथरूम होतं. बाबनरावांनी मॅच बंद केली. त्यांनी समाजासाठी यापेक्षा मोठं काही केलं असेल तर ते मला माहीत नाही. टेस्टर विझला. मी दोनदा, तीनदा लावून पाहिला आणि स्टुलावर चढले.

मी काय केलं ते सांगते, कारण ते दिसायला फार सुंदर होतं. बल्बकडे जाणारी एक वायर मधोमध कापली. तिची दोन टोकं झाली. पंख्याला दोन वायरी असतात. एक टोक एका वायरीला, दुसरं टोक दुसऱ्या वायरीला. एकही तुकडा उरला नाही. मी खाली उतरून त्याकडे पाहिलं आणि मला वाटलं, हे फळ्यावर काढून दाखवण्यासारखं आहे.

पंखा झरोक्यात बसवतानाच त्यावर एक बाण दिसला. अंकुश म्हणाला, "बाण बाहेरच्या बाजूला करूया ना? हवा तिकडे जाणार."

"अंकुश, तो बाण पाती कोणत्या दिशेने फिरतात ते दाखवतो," मी म्हटलं. वर्गात हात वर न करता बोलणाऱ्या मुलांशी मी याच आवाजात बोलते. बाण आमच्याकडे तोंड करून बसवला गेला.

"चालू करा!"

बल्ब लागला. पंखा हूं म्हणाला आणि तसाच राहिला. एक पातं किंचित हललं, जसं उन्हाळ्यात दुपारी मुलं हलतात, झोपेत.

बाबनराव देखरेखीसाठी पुन्हा आले. त्यांनी डोकं वर करून बराच विचार केला. "करंट कमी पडून राहिला. बल्ब छोटा आहे ना. मोठा बल्ब लावा, करंट जास्त येईन, मग पंख्यालेही पुरन."

हे वाक्य माझ्या विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत लिहिलं असतं तर मी त्याच्या पालकांना बोलावलं असतं. पण मी थकले होते. बाबनरावांनी घरच्या माळ्यावरून धूळ पुसून शंभरचा जुना पिवळा बल्ब आणला. तो लावला. आणि पंखा फिरू लागला! भरारा फिरू लागला! फक्त बल्ब लागला नाही. त्याच्या आतली तार विडीच्या टोकासारखी लाल दिसत होती, तेवढीच.

"पाहा, मी म्हटलं ना," बाबनराव म्हणाले.

"बल्ब उडाला वाटते," अंकुश म्हणाला. चपला घालून, हातमोजे चढवून, बटन बंद करून त्याने बल्ब काढला. मग बटन चालू केलं. पंखा मेला. बल्ब लावला, पंखा जिवंत. काढला, मेला. आम्ही तिघं उच्चशिक्षित माणसं वर तोंड करून उभे होतो.

बायजाबाई माळ ओढत बसल्यासारख्या दारातल्या खुर्चीवर बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी एक दाणा तोंडात टाकला.

"एक काढला का दुसरा बंद," त्या म्हणाल्या. "हे त सिरीज झाली वं, प्रीती. आपण बुद्धजयंतीले गॅलरीत लावतो नं लाइटची माळ, तशी. एक बल्ब गेला का सारी माळ गेली."

मी स्टुलावर बसले.

सिरीज. एकसर जोडणी. एकोणीस वर्षं. दर वर्षी बोर्डाच्या परीक्षेआधी मी फळ्यावर दोन चौकोन काढते, एक एकसर, एक समांतर, आणि विचारते, घरातली उपकरणं कशी जोडतात? चाळीस मुलं एका सुरात म्हणतात, समांतर, मॅडम. त्या चाळीस मुलांचा सूर मला ऐकू आला. बायजाबाईंची शाळा चौथीत सुटली होती.

"तुम्हाला कसं कळलं, आई?"

"कळाले काय आहे त्यात? दरसाली तो मेलेला बल्ब मीच शोधते, हा अंकुश त शिडीवर बी चढत नाही."

अंकुशने विषय बदलण्यासाठी चहा ठेवला.

मग मी पुन्हा सगळं सोडलं. बाबनरावांनी पुन्हा मॅच बंद केली, पुन्हा बंद झालं का, कोणतं, बंद झालं म्हणतात, पुन्हा टेस्टर. कापलेली वायर परत जोडून घेतली, आणि बल्बच्या दोन्ही टोकांवरून दोन नव्या तारा पंख्याला नेल्या. समांतर. बटन दाबलं आणि बल्बही लागला, पंखाही फिरला, दोघंही मनापासून. आम्ही टाळ्या वाजवल्या. बाबनराव बाथरूममध्ये जाऊन पंख्यासमोर डोळे मिटून उभे राहिले. त्यांचे उरलेले केस उडत होते.

"काय हवा येऊन राहिली बाप्पा!" ते म्हणाले. "एकदम ताजी. तोंडावर येऊन राहिली."

बाहेर फेकणाऱ्या पंख्याची हवा बाबनरावांच्या तोंडावर कशी येते, हे आमच्यापैकी एकानेही विचारलं नाही. त्या क्षणी आम्ही सगळे आनंदात होतो, आणि आनंदात असताना माणूस हवेची दिशा पाहत नाही.

रविवारी दहाला पंकज आला. बायजाबाईंची बॅग दाराशी तयार होती. मी त्याला पोहे दिले आणि बाथरूमसमोर नेऊन बटन दाबून दाखवलं. तो प्रभावित झाला. "मानलं वहिनी. स्वतः केलं?"

"स्वतः," मी म्हटलं. एकसर काळाबद्दल मी काही सांगितलं नाही. तो इतिहास होता.

"मग आई ठरवीन. आंघोळ करून पाहू दे तिले."

बायजाबाई आत गेल्या. गरम पाणी भरल्याचा आवाज आला. मी आणि अंकुश हॉलमध्ये परीक्षेच्या निकालाची वाट पाहावी तसे बसलो. बाबनरावही आले, सुपरवायजर म्हणून. पंकजचं दुपारचं जेवण त्यांच्याकडेच होतं, आणि अनुसयाबाईंनी पाहुण्यासाठी सावजी मटण करायचं ठरवलं होतं.

हेडाऊंच्या घरचं सावजी म्हणजे भिवापुरी मिरची. अनुसयाबाईंच्या माहेरून पोत्याने येते. ती मिरची कढईत कोरडी भाजायची असते, आणि ती भाजताना घरातली मांजरंसुद्धा गच्चीवर जातात. अनुसयाबाईंनी कढई तापवली, दोन मुठी मिरच्या टाकल्या, आणि धूर बाहेर जावा म्हणून खिडकी सताड उघडली.

समोर तीन फुटांवर माझा पंखा होता. तो इमानदारीत बाण दाखवेल तिकडे हवा ओढत होता. आत.

आधी एक शिंक ऐकू आली. मग तीन. मग बाथरूममधून असा आवाज आला की जणू आत एक नाही, चार बायजाबाई शिंकत आहेत. "कोण जाळून राहिलं वं मले!" दाराच्या फटीतून धूर आला, आणि पाठोपाठ आमच्या सगळ्यांच्या नाकात भिवापूर शिरलं. पंकजच्या हातातली पोह्यांची बशी खाली पडली. अंकुश शिंकत पॅनलकडे धावला, सवयीने मेन पाडलं, आणि आमचं सगळं घर बंद झालं. पंखा मात्र फिरत राहिला, कारण तो हेडाऊंच्या विजेवर होता.

"माह्या किचनचा दिवा गेला!" समोरून अनुसयाबाई ओरडल्या.

"कढई उतरवा!" मी ओरडले.

"काय?"

"क... आक्छी... ढई!"

"कुठं गेली म्हणता?"

बाबनराव आपल्या घरी मेन बंद करायला धावले. पण त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते आमच्याच दिवाणखान्याच्या परद्यात गुरफटले आणि परद्यातून मोठ्याने सूचना देत राहिले, "वायर उलट करा! वायर उलट केली का पंखा उलटा फिरते!"

"एसी करंटवर नाही फिरत, बाबनराव!" मी ओरडले. दोन दिवसांत मी बोललेलं हे एकमेव बरोबर शास्त्रीय वाक्य होतं आणि ते मी टीपॉयच्या खाली असताना बोलले. कोणीही ऐकलं नाही.

बाथरूमचं दार उघडलं. बायजाबाई नऊवार कशीबशी गुंडाळून, डोक्याला टॉवेल, डोळे मिरचीसारखे लाल, अशा बाहेर आल्या. त्यांनी आमच्याकडे पाहिलं. परद्यात एक शेजारी, टेबलाखाली एक सून, पॅनलला चिकटलेला एक मुलगा, पोह्यांत बसलेला दुसरा. मग त्यांनी हात लांब केला आणि दाराशेजारचं बटन दाबलं. पंखा थांबला.

"बटन हे आहे," त्या म्हणाल्या.

आणि त्या हसू लागल्या. आधी नुसते खांदे हलले, मग शिंक आणि हसू एकत्र यायला लागलं, मग त्या भिंतीला टेकल्या, मग जमिनीवरच बसल्या. मंगळवारपासून त्या हसल्या नव्हत्या. मला आधी भीती वाटली, पाणी आणू का म्हणून मी जवळ गेले, तर त्यांनी माझा हात पकडला आणि माझ्याच पदराला डोळे पुसून पुन्हा हसायला लागल्या. तेव्हा मलाही राहवेना.

पंकज पोहे झटकत उठला. "हे पाहा! हे असं आहे! आई, आत्ताच्या आत्ता चाल भंडाऱ्याले. आमच्याकडे दोन खिडक्या..."

"त्या खिडकीतून काय दिसते गा?" बायजाबाईंनी विचारलं.

"अं? भिंत. बाजूच्याची."

"आन दुसरीतून?"

"दुसऱ्या बाजूच्याची."

"मग तूच पाहत बस," त्या म्हणाल्या. "इथं रोज काही ना काही होऊन राहिलं. बॅग आत ठेव मही."

पंकजने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहणं टाळलं, पण मी आतून किती फुलले होते ते मलाच माहीत. मी बॅग उचलली आणि त्यांचा विचार बदलायच्या आत खोलीत नेऊन कपाटात टाकली.

बाहेर आले तेव्हा दारात नत्थूजी उभे होते. खांद्याला पिशवी, हातात शिडी.

"उद्या येतो म्हटलं होतं ना," ते म्हणाले, आणि नाक उडवलं. "मिरची जळून राहिली का कुठं?"

नत्थूजींना कामाला पंचवीस मिनिटं लागली. पंखा काढून उलटा बसवला. दोन्ही घरांच्या अदलाबदल झालेल्या तारा जागच्या जागी केल्या. अनुसयाबाईंचा दिवा नऊ वर्षांनी त्यांच्या स्वतःच्या घरून लागला. त्यांनी तो तीनदा लावून पाहिला, आणि प्रत्येक वेळी बाबनरावांकडे बघितलं. मग नत्थूजी शिडीवरच थांबले. त्यांनी चष्मा वर केला, छताजवळच्या तारांमध्ये डोकं घातलं.

"हे जोड कोणं मारले?" त्यांनी वरून विचारलं.

बाबनराव सुपरवायजर असल्याचं अचानक विसरले. अंकुश खालच्या पोह्यांचे दाणे एकेक वेचू लागला. पंकजने हळूच माझ्याकडे बोट करायला सुरुवात केली. मी पदर सारखा केला आणि घसा खाकरला. चूक ती चूक, शिक्षकाने कबूल करायची असते.

"मी मारले," बायजाबाई म्हणाल्या. "काहून?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. डोक्याचा टॉवेल सोडून त्या केस झटकत होत्या.

नत्थूजी शिडीवरून दोन पायऱ्या खाली आले. "माय, पंखा उलटा लावला तो लावला. पण असे जोड मी चाळीस वर्षांत पाहिले नाही. पिळा बरोबर, उघडी तार कुठं नाही, टेप पाहा कशी एकसारखी गुंडाळली. मह्या हाताखालून इतके मिस्त्री गेले, एकालेही असं काम जमलं नाही." त्यांनी अंकुशला जवळ बोलावून दाखवलं. पंकजलाही दाखवलं. बाबनरावांनी मान डोलावली आणि म्हणाले, खरं आहे, साजरं काम आहे. "कुठं शिकल्या तुम्ही, माय?"

"शिकाले काय लागते गा," बायजाबाई संकोचाने म्हणाल्या, आणि त्यांच्या तोंडावर एवढं सुख पसरलं की त्यांना खरंच वाटू लागलं असावं. "हात असतो एकेकाचा."

मी तोंड उघडलं. आणि मला शिंक आली.